दप्तर आणि आकाश : प्राचीन संस्कृतींतील गणना व कालगणना

गणितविद्येचा उगम कोठे व कशासाठी झाला, या प्रश्नाची दोन उत्तरे ग्रीकांनी देऊन ठेविली आहेत, आणि ती दोन्ही इजिप्तकडेच बोट दाखवितात. हेरोडोटस आपल्या इतिहासाच्या दुसऱ्या भागात सांगतो की, सेसोस्त्रिस राजाने देशातील जमिनीचे समान चौकोनी तुकडे पाडून ते रयतेस वाटून दिले व प्रत्येक तुकड्यावर वार्षिक सारा बसविला. पुढे नील नदीने एखाद्याच्या शेताचा लचका तोडला म्हणजे त्याने राजाकडे फिर्याद न्यावी, राजाने मोजणीदार पाठवून किती जमीन वाहून गेली हे ठरवावे आणि उरलेल्या क्षेत्राच्या मानाने साऱ्यात सूट द्यावी, अशी वहिवाट पडली. आणि याच मोजणीतून भूमिती निपजून ती पुढे ग्रीस देशात आली, असे आपले मत तो नोंदवितो. सुमारे शतकभराने ॲरिस्टॉटल त्याच देशाविषयी लिहिताना अगदी निराळे कारण देतो : गणितविद्या इजिप्तमध्ये प्रथम उदयास आली, कारण तेथील पुरोहितवर्गास सवड होती. एकाच्या मते गणिताचा जनक मोजणीदार, दुसऱ्याच्या मते उपाध्याय.

या दोघांनाही इजिप्तचे दप्तर वाचता येत नव्हते. आज ते वाचता येते. सुमेर व बाबिलोन येथलेही वाचता येते. आणि पेरूच्या दोरांतल्या गाठी व माया लोकांचे शिलास्तंभ यांवरील संख्या तरी निःसंशय लागलेल्या आहेत. त्यामुळे हा वाद आता केवळ तर्काचा राहिलेला नसून पुराव्याचा झालेला आहे, आणि पुढील प्रकरणांची जुळणी करीत असता तो पुरावा जसजसा समोर मांडला गेला तसतसा माझा कौल हेरोडोटसच्या पारड्यात पडत गेला, हे वाचकांपासून लपवून ठेवण्यात अर्थ नाही. अंकाचे पहिले घर कोठार हेच होय. परंतु ॲरिस्टॉटलचा दावा सर्वस्वी काढून टाकावा असाही नाही. सवड होती, आणि गणनेचे गणित होण्यास ती कारणही झाली. मात्र ती उपाध्यायांच्या ओसरीवर नव्हती, तर कारकून तयार करणाऱ्या शाळेत होती. हे विधान कोणत्या आधारावर केले आहे ते थोडे विस्ताराने सांगणे, हाच या प्रस्तावनेचा हेतू.

दक्षिण इराकमधील उरुक या नगरात एआन्ना नावाच्या देवस्थानाच्या आवारात सापडलेले, इ. स. पू. ३३०० ते ३००० या काळातील सुमारे पाच हजार मृत्तिकापट हे मनुष्यजातीचे सर्वांत जुने लेखन समजले जाते. त्यांत स्तोत्र नाही, वंशावळ नाही, राजाची प्रशस्ती नाही. बहुतेक सर्व पट जमाखर्चाचे आहेत : इतके जव आले, इतके मजुरांस दिले, इतक्या मेंढ्या अमक्याच्या हवाली, आणि जे थोडे पट जमाखर्चाचे नाहीत, ते उमेदवार कारकुनांना गिरविण्यासाठी केलेल्या याद्या आहेत, ज्यांत अधिकाऱ्यांच्या हुद्द्यांची यादी अग्रभागी आहे. एका पटावर सदतीस महिन्यांत जमा झालेल्या २९,०८६ मापे जवाचा हिशेब असून खाली कुशिम अशी सही आहे. हे नाव व्यक्तीचे की कचेरीचे, याबद्दल पंडितांत एकमत नाही. पण ते व्यक्तीचे असल्यास लेखी इतिहासात नावानिशी उभा राहणारा पहिलाच मनुष्य कोठावळा ठरतो, आणि राजेलोकांच्या कीर्तीचा डांगोरा पिटणाऱ्या इतिहासकारांस ही गोष्ट थोडी पचविण्यास कठीण जावी हे स्वाभाविक आहे.

या पटांवरील अंकांची व्यवस्था पाहिली म्हणजे 'संख्या' ही कल्पना त्या वेळी अजून वस्तूंपासून सुटी झालेली नव्हती हे ध्यानात येते. बोथट बोरूने ओल्या मातीवर उमटविलेले एक वाटोळे चिन्ह घ्या. मेंढ्या मोजावयाच्या असल्या तर ते दहा लहान खुणांबरोबर असे. जव मापावयाचे असले तर सहा खुणांबरोबर. आणि जमिनीचे क्षेत्र लिहावयाचे असले तर अठरा खुणांबरोबर. अशा डझनभर मोजण्या एकाच कचेरीत सुखाने नांदत होत्या. ज्यांनी रुपयाचे सोळा आणे, बिघ्याचे वीस पांड व खंडीचे वीस मण यांची कोष्टके एकाच पाटीवर घोकली, त्या पिढीला यात अडचण वाटणार नाही. तथापि आमच्या कोष्टकांत सोळा हा अंक सर्वत्र सोळाच राहतो, उरुकच्या कारकुनाला मात्र प्रथम वस्तू कोणती हे कळल्यावाचून अंक वाचताच येत नसे.

यातून वाट निघाली ती हजार वर्षांनी, इ. स. पू. तिसऱ्या सहस्रकाच्या अखेरीस, ऊर येथील राजांच्या अमदानीत. शुल्गी राजाने वजने-मापे, कोठारे व वसुली यांची जी जबर यंत्रणा उभी केली, तिच्या कचेऱ्यांतून आजही हजारो पट निघत आहेत. एकट्या द्रेहेम येथील गुरांच्या खात्यातील आवक-जावक वाचूनच मनुष्य थकून जातो. अशा कचेरीत क्षेत्रावरून बियाणे, बियाण्यावरून मजुरी, मजुरीवरून रोजमुरा काढावयाचा, आणि प्रत्येक ठिकाणी माप निराळे. म्हणून कारकुनांनी एक तोड काढली. कोणतेही माप असो, त्याचे रूपांतर साठाच्या पटीतील एका सामाईक अंकलेखनात करावे, सर्व गुणाकार-भागाकार त्यात उरकावे, आणि आलेले उत्तर पुन्हा योग्य त्या मापात मांडून पक्क्या खतावणीत चढवावे. या कच्च्या लेखनात स्थानावरून अंकाची किंमत ठरे. एकच उभी खूण एक, साठ किंवा छत्तीसशे यांपैकी काहीही असू शके, आणि नेमके कोणते ते संदर्भाने ओळखावयाचे असे. शून्याचे चिन्ह नव्हते. रिकामी जागा दाखविणाऱ्या दोन तिरक्या खुणा पुष्कळ उशिरा, ग्रीक राजांच्या काळात, नियमाने दिसू लागतात. ज्या स्थानमूल्याच्या युक्तीला आज आपण बुद्धीचा महान विक्रम म्हणून गौरवितो, तिचा हा पहिला अवतार कच्च्या आकडेमोडीपुरता होता आणि उत्तर निघाल्यावर तो पुसून टाकीत.

येथपर्यंतची हकीकत हेरोडोटसच्या मताला पोषक आहे. पुढची तशी नाही. ही आकडेमोड शिकविण्यासाठी शाळा लागल्या, आणि शाळा म्हटली म्हणजे मास्तर आला. इ. स. पू. अठराव्या शतकातील निप्पूर येथील एका लहानशा घरात विद्यार्थ्यांचे शेकडो पट सापडले आहेत : पाढे, व्यस्त संख्यांची कोष्टके, वजनांची कोष्टके. बाबिलोनच्या रीतीत भागाकार हा स्वतंत्र व्यवहार नसून भाजकाच्या व्यस्ताने गुणावयाचे असे. दोन, तीन व पाच यांच्या गुणाकारांतून झालेल्या संख्यांचे व्यस्त साठाच्या पद्धतीत नेटके संपतात, सात किंवा अकरा यांचे संपत नाहीत. व्यस्तांच्या कोष्टकांत म्हणूनच सात व अकरा हे भाजक टाळलेले असतात. आता त्याच परंपरेतील एका पटावरील उदाहरणे पाहा. कोणास एक दगड सापडला, त्याने तो तोलला नाही. त्यात त्याचा सातवा हिस्सा मिळविला, झालेल्या वजनात त्याचा अकरावा हिस्सा मिळविला, मग तोलला तो एक मिना भरला. तर मूळ दगड केवढा? दगड हाती आहे, तराजू शेजारी आहे. जगातल्या कोणत्याही कचेरीत हा प्रश्न कधीही उपस्थित होणार नाही. शिवाय नेमके सात आणि अकरा! ज्या दोन भाजकांपासून विद्यार्थ्याला कोष्टकांनी दूर ठेविले, त्यांच्याच तोंडी त्याला देण्याचा हा खोडसाळपणा ज्याने केला, त्या निनावी पंतोजीला मी तरी पहिल्या गणितज्ञांत गणतो. दुसऱ्या एका पटावर चौरसाच्या क्षेत्रफळात त्याचीच बाजू मिळवून बेरीज दिलेली आहे व बाजू विचारलेली आहे. शेतात बांधाची लांबी मिळविणारा मोजणीदार नोकरीवरून दूर झाला असता. शाळेत मात्र या प्रश्नाने वर्गसमीकरणाचा दरवाजा उघडला.

येल विद्यापीठाच्या संग्रहात तळहाताएवढा एक वाटोळा पट आहे. त्यावर चौरस व त्याचे कर्ण काढून बाजू ३० दिली आहे, आणि कर्णावर २ चे वर्गमूळ साठांश पद्धतीने १; २४, ५१, १० असे लिहिले आहे. या किमतीतील चूक एकाच्या दशलक्षांशाहूनही कमी आहे. एवढी सूक्ष्मता कोणत्या शेताला हवी होती? न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील, काटकोन त्रिकोणांच्या पंधरा ओळींचा तो प्रसिद्ध पट, ज्याचे वाचन नॉयगेबाउअर व साक्स यांनी १९४५ साली प्रसिद्ध केले, त्याच्याभोवती पुष्कळ चमत्कारिक कल्पना जमा झाल्या आहेत. उत्तरे नेटकी यावीत अशी उदाहरणे रचण्यासाठी मास्तराने केलेले ते टाचण असावे, हा त्यांतला सर्वांत कमी चमकदार तर्क मला सर्वांत अधिक पटतो.

इजिप्तचा दाखला याच्याशी मिळताजुळता आहे. प्राचीन राजवटीत तेथे वर्षांना राजाच्या गुरांच्या गणतीवरून नाव पडे : अमक्या राजाच्या अमक्या खानेसुमारीचे वर्ष. ही गणती पुष्कळदा एका वर्षाआड होई, म्हणून मधल्या वर्षाला 'गणतीनंतरचे वर्ष' म्हणावे लागे. पालेर्मो येथील शिलाखंडावर राजांच्या त्या त्या वर्षाच्या कृत्यांखाली नीलेच्या पुराची उंची हात, वीत व अंगुळे यांत कोरलेली आहे. पूर किती चढला यावरून पीक किती, व पिकावरून सारा किती, हे ठरावयाचे असल्यामुळे या नोंदीचे महत्त्व विजयोत्सवाहून कमी नव्हते. आह्मोस नावाच्या लेखकाने इ. स. पू. १५५०च्या सुमारास जुन्या प्रतीवरून नक्कललेला आणि १८५८ साली लक्सर येथे ऱ्हाइंड या स्कॉटिश गृहस्थाने विकत घेतलेला पपायरस उघडला की उदाहरणांच्या आरंभीच भाकऱ्यांची वाटणी येते. सात भाकऱ्या दहा माणसांत वाटावयाच्या, तर प्रत्येकाला दोन-तृतीयांश व एक-तिसांश. मजुरीच भाकरीत व बियरमध्ये चुकती होत असल्यावर वाटणीचा प्रश्न रोजचाच. याच पपायरसात पुढे सात घरे, प्रत्येक घरी सात मांजरे, प्रत्येक मांजरामागे सात उंदीर अशी चढती श्रेणी येऊन बेरीज १९,६०७ होते. घरे, मांजरे व उंदीर यांची एकत्र बेरीज कोणत्या खात्यावर टाकावयाची, हे आह्मोसने सांगितलेले नाही. पंतोजी तेथेही होताच.

चीनविषयी येथे थोडक्यात लिहितो, कारण त्यास पुढे दोन प्रकरणे दिली आहेत. बांबूच्या काड्या फळीवर मांडून दशमान स्थानपद्धतीने, एकमाचे स्थान उभ्या काड्यांनी व दहमाचे आडव्या काड्यांनी दाखवीत, तेथील अधिकारी हिशेब करीत. आणि 'नऊ प्रकरणे' या त्यांच्या आद्य ग्रंथाची नुसती अनुक्रमणिका पाहिली तरी शेतांची मोजणी, धान्यांचा विनिमय व परगण्यांवर कराचा न्याय्य बोजा असे विषय ओळीने दिसतात. या ग्रंथावर इ. स. २६३ साली भाष्य लिहिणारा लिऊ हुई याने धन संख्यांस तांबड्या व ऋण संख्यांस काळ्या काड्या सांगितल्या आहेत.

पेरूचे इंका राज्य मात्र थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. कारण लेखनकला नसता दप्तर असू शकते काय, या प्रश्नाचा निकाल तेथे लागतो. सुती किंवा लोकरीच्या एका जाड दोराला पुष्कळ बारीक दोर लोंबत सोडलेले, आणि त्यांवर ठरावीक उंचीवर गाठींचे पुंजके : तळाशी एकम, वर दहम, त्यावर शतम, आणि जेथे गाठ नाही तेथे शून्य. या 'किपू'ची दशमान रचना लेलँड लॉक यांनी १९१२ साली उलगडून दाखविली. कित्येक किपूंत वरच्या दोराची संख्या खालच्या दोरांच्या बेरजेइतकी भरते, म्हणजे तपासणीची सोयही त्यांतच गुंफलेली. स्पॅनिश शिपायांनी हाउहा खोऱ्यातील कोठारे प्रथम मागून व नंतर लुटून रिकामी केली, तेव्हा तेथील किपूधारकांनी दिलेला माल व लुटलेला माल दोहोंचीही नोंद गाठींत करून ठेविली. आणि सुमारे पंचवीस वर्षांनी तेथील नायकांनी ते दोर लिमाच्या स्पॅनिश न्यायासनापुढे पुराव्यादाखल हजर केले, तेव्हा ते वाचून घेण्यात आले. राज्य बुडाले, राजाचा वध झाला, देवस्थाने पाडली गेली, तरी बाकी काढावयाची राहिली होती. पुढे १५८३ साली लिमाच्या धर्मपरिषदेने किपू हे मूर्तिपूजेचे साधन ठरवून ते नष्ट करण्याचा ठराव केला. ज्यांनी तो केला त्यांना हिशेब आणि मूर्तिपूजा यांतील भेद कळत नव्हता असे म्हणवत नाही.

माझ्या मताविरुद्ध जाणारा पुरावाही समोर ठेवला पाहिजे. मध्य अमेरिकेतील माया लोकांनी शून्यासह वीसमान अंकलेखन सिद्ध केले, आणि त्यांचे जे काही आपल्या हाती आले आहे ते जवळजवळ सर्व राजे, देव आणि दिवस यांविषयीचे आहे. त्यांच्या दीर्घगणनेत वीस दिवसांचा एक गट, आणि नंतर विसाऐवजी अठरा गटांचे ३६० दिवसांचे वर्ष. म्हणजे कालगणनेसाठी त्यांनी अंकपद्धतीलाच एका पायरीवर मुरड घातली. ड्रेस्डेन येथील पोथीत शुक्राच्या ५८४ दिवसांच्या फेऱ्यांचे कोष्टक आहे, ज्यात अशा पाच फेऱ्या ३६५ दिवसांच्या आठ वर्षांशी बरोबर जुळतात, दोन्हींकडे २,९२० दिवस. यात कोठार कोठे आहे? त्यांच्या वल्कलपोथ्यांपैकी चारच शिल्लक राहिल्या, बाकीच्या हवेने व काही १५६२ साली मानी येथे, पुढे बिशपपदास चढलेल्या दिएगो दे लांदाच्या आगीने गेल्या, तेव्हा वह्या जळाल्या व शिला उरल्या असे म्हणता येईल. बोनाम्पाक येथील भित्तिचित्रात राजापुढे ठेवलेल्या गाठोड्यावर त्यातील कोको बियांचा आकडा, चाळीस हजार, लिहिलेला आहे, त्यावरून खंडणीचे दप्तर कोठे तरी असलेच पाहिजे. तथापि जे जळाले त्यावर फार भार टाकणे न्यायाचे नव्हे.

आमच्याकडील शुल्बसूत्रांचे उदाहरणही असेच आहे. श्येनाकार चितीची वेदी आकार तोच राखून वाढवीत नेण्यासाठी बौधायनादिकांनी दोरी व खुंट्या यांनी जी भूमिती रचली, जीत २ चे वर्गमूळ दशांशाच्या पाचव्या स्थानापर्यंत बिनचूक साधले आहे, तिच्यामागे कोणताही पाटील-कुलकर्णी दाखविता येत नाही. तेथे ॲरिस्टॉटलचा उपाध्याय सदेह उभा आहे. परंतु यज्ञ आणि जमाखर्च यांच्यात आपण मानतो तेवढे अंतर प्राचीनांनी मानले होते काय, याविषयी मला शंका आहे, आणि तिला आधार महाराष्ट्रातीलच आहे. जुन्नरजवळील नाणेघाटात, घाटमाथ्याच्या ज्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, त्यात तिने केलेल्या यज्ञांची व दक्षिणांची यादी कोरलेली आहे : अग्न्याधेयाला गाई बारा, आणि त्यापुढे पुन्हा अंकात १२, व घोडा १, अन्यत्र कार्षापण २४,४००. अक्षरी व अंकी अशी दुहेरी नोंद करण्याची ही खबरदारी ज्याला सुचली तो यज्ञाला बसलेला ऋत्विज नव्हे, पावती फाडणारा कारकून होता. ज्या वाटेवर हा लेख आहे ती कोकणातून देशावर चढणाऱ्या मालाची वाट, आणि तिच्या तोंडाशी जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण अद्याप आहे. सन १८२८ मध्ये साइक्स यांच्या दृष्टीस पडलेल्या या लेखातील अंकांचा उलगडा भगवानलाल इंद्रजी यांनी १८७६ साली केला, आणि भारतीय अंकांच्या इतिहासाचे एक दालन उघडले. त्या अंकांत स्थानमूल्य अजून नाही, शतक व सहस्र यांची चिन्हे स्वतंत्र असून त्यांनाच लहान अंक जोडून चारशे, चार हजार असे साधिले आहे.

आता कालगणनेकडे वळू. कारण दप्तराची खरी पंचाईत तेथे होते. कोठारातील जव कारकुनाच्या सोयीने मापता येतात, आकाश येत नाही. चांद्रमास सरासरी २९·५३०६ दिवसांचा, सांपातिक सौरवर्ष ३६५·२४२२ दिवसांचे. बारा चांद्रमासांचे वर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी तोकडे. दिवस, मास व वर्ष या तिहींपैकी कोणत्याही दोहोंचा एकमेकांस निःशेष भाग जात नाही, आणि ज्या कचेरीला रोजमुरा, व्याज व मुदत यांचा हिशेब ठेवावयाचा तिला तर महिना नेहमी सारखा हवा. उरुकपासूनच तेथील कचेऱ्यांनी हिशेबापुरता महिना तीस दिवसांचा व वर्ष ३६० दिवसांचे धरले, आणि बाहेर सण-उत्सव चंद्र पाहून चालू ठेविले. इजिप्तच्या कारभाराने याहून धीट मार्ग पत्करला : तीस दिवसांचे बारा महिने, वर पाच दिवस, आणि आकाशाशी त्यानंतर भांडण नाही. दर चार वर्षांनी एक दिवस याप्रमाणे ते वर्ष ऋतूंतून सरकत गेले, पुराचे महिने उन्हाळ्यात व सुगीचे पुरात आले, पण कारभार अडला नाही. इ. स. पू. २३८ मध्ये तिसऱ्या टॉलेमीच्या कारकीर्दीत कॅनोपस येथे जमलेल्या पुरोहितांनी दर चौथ्या वर्षी सहावा दिवस वाढविण्याचा ठराव केला, तो तीन लिपिप्रकारांत दगडावर कोरविला, आणि नंतर कोणीही पाळला नाही. गंमत अशी की, हेच आडमुठे वर्ष पुढे ज्योतिष्यांना सर्वांत प्रिय झाले. ज्यात अधिक-उणे काही नाही अशा ३६५ दिवसांच्या वर्षात दोन ग्रहणांतील दिवस मोजणे सोपे, म्हणून टॉलेमी ज्योतिष्याने आपली कोष्टके याच मानाने केली व कोपर्निकसनेही ते टाकले नाही.

बाबिलोनने चंद्र सोडला नाही, त्यामुळे अधिकमास घालणे त्यास भाग पडले. आणि तो घालण्याचा अधिकार राजाचा. लार्सा येथील आपला अंमलदार सिन-इद्दिनम यास हम्मुराबीने पाठविलेले एक पत्र उपलब्ध आहे. त्याचा आशय असा की, चालू वर्षात महिना अधिक धरावयाचा आहे, तरी येणारा महिना दुसरा उलूल म्हणून दप्तरी लावावा. आणि जो सारा तश्रीत महिन्याच्या २५ तारखेस बाबिलोनला पोहोचावयाचा होता, तो दुसऱ्या उलूलच्या २५ तारखेसच पोहोचता करावा. म्हणजे आकाशासाठी महिना वाढेल, साऱ्याची मुदत मात्र वाढणार नाही! अधिकमासाच्या इतिहासात याहून बोलका दस्तऐवज मी पाहिलेला नाही. कौटिल्याचे अक्षपटलाध्यक्षाचे प्रकरण यासोबत वाचावे. तेथे कामाचे वर्ष ३५४ अहोरात्रांचे धरून आषाढी पौर्णिमेस ते बंद करावयाचे, अधिकमासाचा हिशेब वेगळा काढावयाचा, आणि आषाढात जे हिशेबनीस आपल्या मोहोरबंद वह्या व शिल्लक घेऊन राजधानीस येतील त्यांस एकमेकांशी बोलू द्यावयाचे नाही. दुसऱ्या एका प्रकरणात तो सावन, सौर, चांद्र व नाक्षत्र महिने सांगून झाल्यावर घोड्यांच्या चाकरांचा महिना पस्तीस दिवसांचा व हत्तींच्या चाकरांचा चाळीस दिवसांचा सांगतो. पगाराच्या खात्यात आकाशाची सत्ता किती चालते हे यावरून उमगावे.

हीच अडचण आमच्या मध्ययुगात दुसऱ्या वेषाने आली. हिजरी वर्ष शुद्ध चांद्र, अधिकमास निषिद्ध. त्यामुळे तेहतीस सुगींत चौतीस वर्षे भरतात आणि सारा हिजरी सनावर घेतला तर रयतेवर एका वर्षाचा फाजील बोजा पडतो. म्हणून अकबराच्या अमदानीत फसली सन निघाला, आणि दक्षिणेत त्याहून पूर्वीपासून शुहूर सन चालू होता, ज्याचे वर्ष सूर्य मृग नक्षत्रात शिरला म्हणजे, अर्थात पेरणीच्या तोंडावर, बदले. पेशवे दप्तरातील 'इहिदे', 'इसन्ने', 'सलास' हे अरबी आकडे ज्याने वाचले आहेत त्यास हम्मुराबीच्या अंमलदाराची अडचण समजावून सांगावी लागणार नाही.

अधिकमास राजाच्या मर्जीवरून नियमाच्या हाती गेला तो इ. स. पू. पाचव्या शतकात. एकोणीस वर्षांत सात अधिकमास, एकूण २३५ महिने, हे चक्र तेव्हापासून बाबिलोनमध्ये स्थिर झाले. ग्रीकांत ते मेटनच्या नावाने, इ. स. पू. ४३२ पासून, प्रसिद्ध आहे. ज्या निरीक्षणांवर पुढचे सूक्ष्म गणित उभे राहिले ती बाबिलोनच्या रोजनाम्यांत आहेत. इ. स. पू. ६५२ ते ६१ या काळातील अशा रोजनाम्यांचे पट ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. रोज रात्री चंद्र कोठे होता, ग्रह कोठे होते, ढग होते काय, हे लिहून महिन्याच्या अखेरीस नदीच्या पाण्याची पातळी, आणि एका शेकेल रुप्याला जव किती, खजूर किती, तीळ किती, लोकर किती, हे बाजारभाव ते नोंदवीत. सिकंदर बादशहा वारला त्या इ. स. पू. ३२३ च्या जून महिन्यातील नोंद दोनच गोष्टी सांगते : राजा वारला, आकाशात ढग होते. सहाशे वर्षे न खंडता चाललेल्या या नोंदींतून त्यांनी चांद्रमासाचे जे मान काढले ते २९ दिवस व साठांशांत ३१, ५०, ८, २० असे आहे, म्हणजे आजच्या मानाशी फरक एका सेकंदाहून कमी. हिप्पार्कस व टॉलेमी यांनी ते जसेच्या तसे उचलले, आणि ज्यू लोकांचे पंचांग आजही त्यावरच चालते. ही सर्व कोष्टके प्रकाशात आणण्याचे श्रेय स्ट्रासमायर, एपिंग व कुगलर या तीन जेझुइट पाद्र्यांना आहे.

येथे बाबिलोनपासून आम्ही काय घेतले हा प्रश्न निघतोच. वेदांगज्योतिषात सर्वांत मोठा दिवस अठरा मुहूर्तांचा व सर्वांत लहान बारांचा आहे. हेच तीनास दोन प्रमाण बाबिलोनमध्येही आहे, आणि त्यावरून उसनवारीचा तर्क करणारे व वायव्य भारताच्या अक्षांशाला ते प्रमाण स्वतंत्रपणेच लागू पडते असे म्हणणारे, असे दोन पक्ष आहेत. दुसरीकडे, पाच वर्षांच्या युगात १,८३० दिवस व ६२ चांद्रमास ही वेदांगज्योतिषाची मांडणी बाबिलोनी चक्राहून भिन्न व स्थूल आहे, जी उसनी घेणाराने घेतली नसती. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ साली आपल्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात अशा वादांना जी शांत, आकडे पुढे ठेवून बोलण्याची रीत घालून दिली, ती त्यांच्यानंतर आमच्याकडे फारशी पाळली गेली नाही. स्वदेशाभिमानाने गणिताचे उत्तर बदलत नाही एवढे धरून मी तीच पाळण्याचा यत्न केला आहे.

ग्रंथाच्या मांडणीविषयी दोन शब्द. ग्रीक भूमितीला यात स्वतंत्र प्रकरण नाही, कारण तिच्यावर मराठीतही लिहिलेले सापडते, आणि तिने दप्तराशी असलेला संबंध मुद्दाम तोडून टाकला. सुमेरची प्रकरणे कालक्रमाने वाचावीत. इंका व माया यांची प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचली तरी चालेल. साठांश संख्यांत पूर्णांकानंतर अर्धविराम व पुढील स्थानांमध्ये स्वल्पविराम दिला आहे. बाबिलोनचा दिवस सूर्यास्ताला व इजिप्तचा पहाटे सुरू होत असल्यामुळे इंग्रजी तारखांशी मेळ घालताना एका दिवसाचा फरक संभवतो. निरीक्षण रात्रीचे असल्यास आधीच्या संध्याकाळची तारीख दिली आहे. माया तारखांच्या बाबतीत दीर्घगणनेचा आरंभ इ. स. पू. ३११४ च्या ११ ऑगस्टला धरला आहे. तो दोन दिवस पुढे धरणाराही एक पक्ष आहे, आणि ज्यांस तो मान्य असेल त्यांनी त्या प्रकरणातील प्रत्येक तारखेत दोन दिवस मिळवून घ्यावे.